साबरमतीकाठची बाभूळ

मार्गशीर्षात एका आप्ताच्या घरच्या विवाहानिमित्त अहमदाबादला जाण्याचा योग आला. पुण्याहून सुटणाऱ्या अहिंसा एक्सप्रेसमध्ये माझ्यासोबत धाकट्या बहिणीचा मुलगा होता. सव्वीस वर्षांचा, शिकलेला, कष्टाळू. दोन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. शुक्रवारी संध्याकाळी एक ई-मेल आला आणि सोमवारी कंपनीच्या दारावर त्याचे ओळखपत्र चालेना. त्याच्यासारखे आणखीही अनेक जण त्या दिवशी दारातून परत फिरले. त्याच महिन्यात कंपनीच्या प्रमुखांचे वेतन वाढल्याची बातमी त्याने वाचली आणि तेव्हापासून त्याच्या मनातला निखारा विझलेला नव्हता.

गाडी घाट उतरत असताना तो म्हणाला, "मामा, हे लोक अर्ज-विनंत्यांनी ऐकणार नाहीत. त्यांच्या काचेच्या इमारतींवर एकदा दगड पडले पाहिजेत."

मी त्याला ‘शांत राहा’ असे म्हणालो नाही. ज्याचे गेले आहे त्याला शांततेचा उपदेश करणे सोपे असते. शिवाय मी स्वतः व्यापारी. सांगलीत आमचे तीन पिढ्यांचे भुसार मालाचे दुकान आहे. त्याच्या बोलण्यातला ‘हे लोक’ हा शब्द नेमका कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, असा प्रश्न मनात आला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

विवाहाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही हठीसिंहांच्या मंदिरात दर्शनाला गेलो. दिल्ली दरवाजाबाहेरचे, पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ भगवंतांचे हे शुभ्र संगमरवरी मंदिर १८४८ साली पूर्ण झाले. शेठ हठीसिंह केसरीसिंह यांनी काम आरंभले आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी हरकुंवर यांनी ते पूर्णत्वास नेले. त्या काळच्या दुष्काळात या बांधकामाने शेकडो कारागिरांना काम दिले, असे तेथे सांगतात. आमच्यासोबत यजमानांचे वडील होते. वय ऐंशीच्या पुढे. एका कापडगिरणीत ते हिशेबनीस होते; ती गिरणी कधीच बंद पडली. भाच्याची हकिकत त्यांच्या कानावर गेली होती. दर्शन झाल्यावर ते त्याला म्हणाले, "चल बेटा, जवळच एक जागा आहे. तेथे आता पाहण्यासारखे काही नाही, तरीही चल."

शाहपूर दरवाजाच्या बाजूने आम्ही नदीकाठी आलो. आज तेथे साबरमतीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत आहे, फरसबंद वाट आहे, सकाळी फिरायला येणारे लोक आहेत. एके काळी याच बाजूला नदीच्या वाळूलगत एक बाभूळ होती. आम्हाला ती दिसणार नव्हतीच. पण १९१८ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत त्या बाभळीखाली रोज हजारो गिरणी कामगार जमत असत.

आजोबांनी कठड्याला टेकून ती सारी हकिकत सांगितली. १९१७ साली शहरात प्लेगची साथ आली. कामगार गावी पळून जाऊ नयेत म्हणून गिरणी मालकांनी पगारावर मोठा ‘प्लेग बोनस’ दिला. साथ ओसरताच तो बंद करायचे ठरले. महायुद्धाचे दिवस होते, धान्य-कापड महागले होते. विणकरांनी बोनसच्या जागी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांच्या पुढे जाईनात आणि २२ फेब्रुवारीला त्यांनी गिरण्यांना टाळे लावले. मालकांचे अग्रणी होते शेठ अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने गांधीजींसोबत उभ्या होत्या अनसूयाबेन साराभाई, म्हणजे अंबालाल शेठांची थोरली बहीण.

हे ऐकताच भाच्याने प्रथमच मान वर केली. "सख्खी बहीण?"

सख्खीच. श्रीमंत जैन घराण्यात १८८५ साली जन्मलेली. लहानपणीच आईवडील गेले, तेराव्या वर्षी लग्न झाले आणि ते टिकले नाही. १९१२ साली भावाच्याच मदतीने त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. पण प्राण्यांचे विच्छेदन करावे लागते हे कळताच आपल्या धर्मसंस्कारामुळे त्यांनी तो अभ्यास सोडला व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजाचा अभ्यास केला. परतल्यावर एका सकाळी त्यांनी गिरणीतून परतणाऱ्या स्त्रियांचा थकलेला घोळका पाहिला. त्या सलग ३६ तास काम करून निघाल्या होत्या. मृत प्राण्यावर सुरी चालवायला जिचा हात धजला नाही, तिला जिवंत माणसांची ही स्थिती कशी पाहवावी?

आपल्या शास्त्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील दोन मला त्या कठड्याशी आठवले. एक अतिभारारोपण, म्हणजे आपल्यावर अवलंबून असणाऱ्या जिवावर शक्तीबाहेर भार लादणे. दुसरा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचे अन्नपाणी अडवणे. पाठशाळेत हे शिकताना आपल्या डोळ्यांसमोर बैल आणि घोडा येतो. ३६ तासांची पाळी आणि गिरणीचे टाळे कुणी आणत नाही. अनसूयाबेनच्या डोळ्यांसमोर ते आले, एवढेच.

"मग त्यांनी गिरण्या फोडल्या का?" भाच्याने विचारले.

नाही. गांधीजींनी आधी हिशेब केला. मुंबईतील मजुरीचे दर, अहमदाबादेतील महागाई आणि गिरण्यांची स्थिती पाहून त्यांनी ठरवले की ५० टक्के ही मागणी जास्त आहे आणि २० टक्के हा देकार कमी आहे. न्याय्य आकडा ३५ टक्के. कामगारांना त्यांनी आपली मागणी खाली आणायला लावली. मग बाभळीखाली प्रतिज्ञा झाली. ३५ टक्के मिळेपर्यंत कामावर जायचे नाही. आणि टाळेबंदीच्या काळात दंगा करायचा नाही, लुटायचे नाही, मालकांच्या मालमत्तेला हात लावायचा नाही, अपशब्दही काढायचा नाही. अनसूयाबेनच्या नावाने रोज पत्रिका निघे आणि ती सभेत वाचली जाई.

मला या प्रतिज्ञेचा पूर्वार्ध ठाऊक होता, उत्तरार्धाकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण लहानपणापासून घोकतो. त्यांत लोभ जसा आहे तसाच क्रोधही आहे, आणि तो पहिला आहे. दुसऱ्याच्या लोभावर आपण क्रोधाने चालून गेलो, तर एका कषायाने दुसऱ्याला जिंकल्यासारखे होत नाही. बांधले जाणारे दोघेही असतात. पण म्हणून लोभापुढे मान तुकवून घरी बसावे, असेही त्या बाभळीखाली कुणी सांगितले नाही. क्रोधाचे दगड होऊ न देता त्याचा एक आकडा केला गेला. आकडा तपासता येतो, त्यावर वाद करता येतो, तो चुकला तर दुरुस्त करता येतो. दगडाचे तसे नसते.

दुपारी आम्ही साबरमती आश्रमात गेलो. हृदयकुंजसमोर आजोबांनी दोन गोष्टी सांगितल्या. टाळेबंदी लांबली तशी कामगारांच्या घरी चूल पेटेना. गांधीजींनी लोकांकडून निधी गोळा करून वाटायला नकार दिला. काम देऊ म्हणाले. आश्रमात विणकामाच्या शाळेचा पाया भरायचा होता, त्यासाठी नदीची वाळू हवी होती. वाळूची पहिली टोपली डोक्यावर घेऊन अनसूयाबेन निघाल्या आणि त्यांच्यामागे कामगारांची रांग लागली. शेठांची बहीण वाळू वाहत होती आणि ती वाळू वाहण्याची वेळ ज्यांनी आणली त्यांत तिचा भाऊ होता.

दुसरी गोष्ट तिच्याही तीन वर्षे आधीची, कोचरब येथील पहिल्या आश्रमातली. दुदाभाई, दानीबेन आणि त्यांची लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानले गेलेले कुटुंब आश्रमात राहायला आले, तेव्हा देणग्या थांबल्या. आश्रम बंद पडायची वेळ आली असता एक शेठ मोटारीतून आले, १३,००० रुपयांच्या नोटा गांधीजींच्या हाती ठेवून निघून गेले. आत्मकथेत गांधीजींनी त्यांचे नाव दिले नाही; ते अंबालाल साराभाई होते असे अभ्यासक सांगतात.

या गोष्टीने मी अस्वस्थ झालो. ज्या हाताने न मागता, नावाची अपेक्षा न ठेवता १३,००० रुपये दिले, तोच हात कामगारांना १५ टक्के अधिक द्यायला आखडला. अंबालाल शेठ कंजूष नव्हते. कामगार आमची मुले आहेत, मुलांच्या आणि आईबापांच्या मध्ये तिसरा कशाला, अशी मालकांची भूमिका होती. दान देताना देणारा मोठा राहतो. हक्क देताना दोघे समोरासमोर येतात. म्हणूनच लाखाचे दान सुटते आणि शेकड्याचे देणे अडते. दानशूरतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या समाजाने हे विसरू नये, असे मला फार वाटले.

पुढची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. १२ मार्चला मालकांनी २० टक्के मान्य करणाऱ्यांसाठी दारे उघडली. उपाशी कामगार डगमगू लागले. १५ मार्चला गांधीजींनी, कामगारांनी प्रतिज्ञा पाळावी म्हणून, उपवास आरंभला. १८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी कामगारांची प्रतिज्ञा राहावी म्हणून ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी मालकांची राहावी म्हणून २० टक्के आणि तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. आनंदशंकर ध्रुव हे पंच नेमले गेले आणि त्यांनी ऑगस्टमध्ये ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला. कुणालाही मान खाली घालावी लागली नाही. आपल्या उपवासाचा दबाव मालकांवर पडला आणि तो त्यातील दोष होता, हे गांधीजींनी पुढे स्वतः लिहून ठेवले. यालाच आपण आलोचना म्हणतो. न्याय आपल्या बाजूला असतानाही ती करता आली पाहिजे.

"आणि शेवटी गिरण्या बंदच पडल्या ना?" भाच्याने आजोबांना विचारले. प्रश्न बोचरा होता, पण खरा होता.

आजोबा हसले. "पडल्या. माझी पण पडली. पण त्या दिवसांत जे उभे राहिले ते पडले नाही." १९२० साली मजूर महाजन संघ स्थापन झाला आणि अनसूयाबेन त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. व्यापाऱ्यांच्या संघटनेचे ‘महाजन’ हे जुने नाव मजुरांनी घेतले. त्याच संघाच्या महिला विभागातून १९७२ साली इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही संघटना उभी केली. दोनच वर्षांनी भाजी विकणाऱ्या, हातगाड्या ओढणाऱ्या सुमारे ४,००० स्त्रियांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची बँक काढली. मला आमच्या भागातले, मुंबईच्या १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हाताने गावी परतलेले गिरणी कामगार आठवले. त्यांचे दुःख खोटे नव्हते आणि निर्धारही कमी नव्हता. पण दोन्ही बाजूंना मान्य होईल असा पंच त्यांच्या वाट्याला आला नाही.

परतीच्या गाडीत भाचा बराच वेळ मोबाइलवर काही वाचत होता. आपल्या जुन्या कंपनीचा वार्षिक अहवाल तो पाहत होता. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संचालकांचे वेतन मध्यक कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या किती पट आहे, हे कायद्याने अहवालात छापावे लागते. तो आकडा त्याला सापडला. मी त्याला आणखी एक सांगितले. अशा कंपन्यांचे भाग आपल्यासारख्या कुटुंबांच्या कपाटातही असतात. आपण लाभांश घेतो, भाव पाहतो. वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा आणि ठरावावर मत देण्याचा अधिकार मात्र न वापरता ठेवतो. रागावलेल्या नागरिकाच्या हाती दगडाखेरीज पुष्कळ काही असते. ते उचलायला अभ्यास लागतो आणि चार माणसे बरोबर लागतात.

पुण्याला उतरण्यापूर्वी त्याने बरोबरच्या सहकाऱ्यांना एकत्र बोलावण्याचे ठरवले होते. नियुक्तिपत्राप्रमाणे प्रत्येकाचे किती देणे निघते याचा हिशेब करून त्यांनी सर्वांच्या सह्यांचे एक पत्र पाठवले आहे. त्यात एकही कठोर शब्द नाही आणि एकही रुपया सोडलेला नाही. उत्तर अजून यायचे आहे.

माझे म्हणाल, तर घरी आल्यावर मी दुकानाची वही उघडली. माझ्याकडे दोन माणसे कामाला आहेत, एक अकरा वर्षांपासून. गेल्या दोन दिवाळ्यांत त्यांना मिठाई आणि कपडे दिले होते. पगार वाढवला नव्हता. त्याच काळात पांजरपोळाला दिलेल्या देणगीची पावती मात्र मी जपून ठेवली होती. डाळ-तांदळाचे, तेलाचे, शाळेच्या शुल्काचे वाढलेले दर माझ्याहून अधिक कुणाला माहीत असणार? रात्री कागदावर हिशेब मांडला आणि सकाळी दोघांना समोर बसवून दाखवला. त्यांतला थोरला बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शेठ, तेलाचा भाव तुम्ही कमी धरलाय."

त्याचे बरोबर होते. मी आकडा दुरुस्त केला.