ठळक अक्षराचा धर्म

माणसाप्रमाणे अक्षरालाही प्रकृती असते, असा आमचा जुना समज आहे. काही अक्षरे कृश, काही गोंडस, तर काही तालमीतल्या वस्तादासारखी पाय रोवून उभी असतात. या शेवटच्या जातीला इंग्रजी मुद्रणात ‘स्लॅब सेरिफ’ म्हणतात. रोमन अक्षराच्या टोकांशी जी आडवी रेघ असते, ती सेरिफ. एरवी ती बारीक व निमुळती असते. येथे मात्र ती जाड आणि फरशीच्या तुकड्यासारखी चौकोनी असते. आपली देवनागरी शिरोरेषेला टांगलेली. आम्ही ज्या गुजरातेत सेवा केली, तेथील लिपीने ती रेषाही सोडून दिली. म्हणूनच की काय, केवळ पायांच्या बळावर उभ्या राहणाऱ्या या अक्षराचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले.

त्याचा जन्म बाजारातला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंतींवर लॉटरीच्या, नाटकांच्या आणि व्यापारी मालाच्या जाहिराती झळकू लागल्या. पुस्तकासाठी घडवलेले नाजूक अक्षर रस्त्यापलीकडून कसे वाचता यावे? १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्या कारागिराने ‘अँटिक’ या नावाने हा दणकट ठसा बाजारात आणला. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते. त्या लाटेत या कुळाला ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटले. नाईलच्या पाण्याशी त्याचा तिळमात्र संबंध नाही.

भिंतीवर आरोळी ठोकणाऱ्या या अक्षराला घरात वावरण्याची रीत शिकवली ती १८४५ साली. लंडनच्या फॅन स्ट्रीट टाइप फौंड्रीचे रॉबर्ट बेस्ले यांनी ‘क्लॅरेंडन’ हा ठसा काढला. त्यात पट्टी दांड्याला किंचित वळण घेऊन मिळते आणि अक्षराची रुंदीही आवरलेली असते. त्यामुळे साध्या मजकुराच्या ओळीत तो शेजाऱ्यांना धक्का न देता बसतो. तोवर एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचे तर तिरपी किंवा मोठी अक्षरे वापरावी लागत. बेस्ले यांनी कायद्यान्वये या ठशाची नोंदणी केली, पण संरक्षण मिळाले अवघे तीन वर्षांचे. ते सरताच इतरांनी नकला काढल्या. बेस्ले पुढे, १८६९ साली, लंडनचे लॉर्ड मेयर झाले. तेव्हा फारसे नुकसान झाले नसावे!

क्लॅरेंडनला खरी प्रतिष्ठा दिली ती कोशांनी. १८८४ पासून भागशः निघू लागलेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात मूळ शब्द याच ठळक ठशात दिलेले आहेत. पानभर बारीक मजकुरात बोट नेमके हव्या त्या शब्दावर पडते. आपल्या मोल्सवर्थच्या कोशाला ही अडचण फारशी भासली नसावी: तेथे शब्द देवनागरीत आणि अर्थ रोमनमध्ये, म्हणजे लिपीच दिवटी धरून उभी!

या घराण्याची एक सडपातळ शाखा आमच्या कचेरीत होती, ती इंग्रजी टंकलेखन यंत्रात. त्या यंत्रात प्रत्येक अक्षराला जागा सारखीच मिळते. मग चिमुकल्या ‘आय’ने ‘एम’एवढी जागा भरावी कशी? तर पायाखाली रुंद पट्टी घेऊन. हॉवर्ड केटलर यांनी १९५५ च्या सुमारास आयबीएमसाठी आखलेले ‘कुरिअर’ हे त्याच जातीचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार २००४ पर्यंत त्याच वळणाच्या अक्षरात चाले.

लिपी कोणतीही असो, ठळक ठशाचा धर्म एकच: वाचणाऱ्याचे बोट धरून त्याला नेमक्या जागी नेणे. सेवेत असताना हा धर्म मोडलेला आम्ही पुष्कळ पाहिला. एका कार्यालयाची छापील नोटीस आमच्या स्मरणात आहे. खात्याचे नाव ठळक, कलमांचे आकडे ठळक, दंडाची धमकी तर सर्वांत ठळक. मात्र ‘या आदेशाविरुद्ध अमुक मुदतीत अपील करता येईल’ हे वाक्य तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. एक वृद्ध शेतकरी ती नोटीस घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा मुदत उलटून गेली होती. नातवाकडून त्याने ती वाचवून घेतली होती. पण पोराची नजर जेथे जाड शाई होती तेथेच थबकली. विलंब माफ व्हावा म्हणून त्याला निराळा अर्ज करावा लागला आणि दोन पावसाळे खेटे घालावे लागले. त्यानंतर आमच्या सहीने निघणाऱ्या प्रत्येक आदेशात अपिलाची मुदत आम्ही ठळक करवून घेत असू. ‘साहेब, आपल्याच आदेशाविरुद्ध आपणच वाट दाखवायची?’ असे आमचे कारकून हसत हसत विचारीत.

आता संगणकाने ठळक अक्षर फुकट केले आहे. खिळे जुळवण्याच्या काळी जाड ठशाचा खण वेगळा असे. जुळाऱ्याला हात लांबवावा लागे, आणि तेवढ्या क्षणात विचार होई. आज कळ दाबली की परिच्छेदच्या परिच्छेद जाड होतो. सभेत सारेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, तशी त्या पानाची गत होते. कागद ठळक करण्यापूर्वी एवढेच विचारावे: यातला कोणता शब्द नजरेतून सुटला तर वाचणाऱ्याचे नुकसान होईल? तेवढाच ठळक करावा.