ॲटलासच्या पायथ्याशी

प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्याकडे आधी तिकीट, मग शिदोरी आणि शेवटी शेजारी घराची किल्ली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ज्या शहरात जाऊन आले, तिथे यातले काहीच लागले नाही. शहराचे नाव पॅरागॉन सिटी. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात ते आहे असे सांगतात, पण वाचकहो, नकाशात शोधू नका. ‘सिटी ऑफ हिरोज’ या संगणकावरच्या खेळातले ते शहर. ठिकठिकाणची माणसे आपापल्या घरून एकाच वेळी त्यात शिरतात, महानायकाचे रूप घेतात आणि गुंडांचा बंदोबस्त करतात.

पन्नाशीकडे झुकलेल्या, बेळगावच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला हे कुठून सुचले? सुचवले भाच्याने. तो बंगळूरला नोकरीला असतो. थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, दीड वर्षापूर्वी गेली. तेव्हापासून आमचा फोन “जेवलास का?” आणि “हो मावशी” एवढ्यावरच संपायचा. एकदा तो अचानक म्हणाला, “मावशी, तू माझ्या जुन्या गावाला ये ना एकदा.” ते गाव हे.

शहरात शिरण्यापूर्वी आपण कोण हे ठरवावे लागते. महानायकांचे मूळ पाच प्रकार. टँकर मार झेलतो, स्क्रॅपर जवळून लढतो, ब्लास्टर लांबून मारा करतो, कंट्रोलर शत्रूला जागीच खिळवतो आणि डिफेंडर सोबत्यांना जपतो. मी डिफेंडर झाले, तीही जखमा भरून काढणारी. मग पोशाख. बूट, पट्टे, मुखवटे, शिंगे, पंख यांची इतकी रेलचेल की लग्नाचा बस्ता परवडला! साडी तेवढी मला कुठे सापडली नाही. नावाचीही पंचाईत. भारदस्त नावे आधीच कुणीतरी घेतलेली. शेवटी ‘कुंदा’ मोकळे निघाले. बेळगावच्या माणसाला याहून गोड नाव दुसरे कोणते?

नवखा माणूस उतरतो तो ॲटलास पार्क या भागात. समोर सिटी हॉलची इमारत आणि तिच्यापुढे खांद्यावर पृथ्वीचा गोल पेललेला ॲटलासचा प्रचंड पुतळा. त्याच्या पायथ्याशी कायम वर्दळ. कुणी पोशाखांची स्पर्धा भरवते, कुणी सोबती शोधत असते, कुणी नुसतेच गप्पा मारत उभे. आपल्याकडच्या एस.टी. स्टँडसारखी ही जागा. कुणाला गाठायचे असेल तर इथेच यावे.

दोन गल्ल्या ओलांडल्या तर एक गुंड एका बाईची पर्स हिसकावत होता. इथे ‘हेलियन्स’ नावाची टोळी आहे. मी भीतभीत पुढे झाले. एकाला पाडले, तोवर बाजूच्या दोघांनी मला लोळवले. डोळे उघडले ते दवाखान्यात. या शहरात वीर मरत नाहीत, थेट दवाखान्यात पोचतात. परत गेले, पुन्हा लढले. सुटलेली ती बाई धावत आली आणि माझे नाव घेऊन आभार मानून गेली. ती नुसती संगणकातली बाहुली, हे ठाऊक असूनही बरे वाटले.

भाचा या शहरात पन्नासाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर. मी पहिल्या. आमची जोडी जमायची कशी? इथली एक सोय मला फार आवडली. थोर वीराच्या पथकात नवखा सामील झाला की त्याचे बळ आपोआप त्या वीराच्या खालोखाल येते. पूर्वी याला ‘साइडकिक’ करून घेणे म्हणत. २००९ पासून ते आपसूक होते. ज्याला मी बोट धरून शाळेत सोडले, त्याच्या बोटाला धरून मी किंग्ज रो या काळोख्या वस्तीत हिंडले. तो पुढे होऊन घाव झेलायचा, मी मागून त्याच्या जखमा भरायची. “मावशी, मागे राहा हं,” असे तो दर वळणावर बजावत होता.

चौथ्या पायरीवर मला उडता येऊ लागले. वरून पाहिले तर वस्त्यांच्या मधे आभाळाला भिडलेल्या निळसर भिंती दिसल्या. ‘रिक्ती’ नावाच्या परक्यांनी २००२ साली शहरावर हल्ला केला, त्यानंतर या भिंती उभ्या राहिल्या, अशी इथली कथा. २००४ च्या एप्रिलमध्ये खेळ सुरू झाला तेव्हा कुणाच्याच खांद्यावर केप नव्हती. त्याचे कारणही कथेतच दिले होते: युद्धात गेलेल्या वीराचा मान म्हणून नवे लोक केप घालत नाहीत. म्हणजे सगळे शहर सुतकात होते म्हणा ना. त्याच वर्षी पुढे केप आल्या, पण त्यासाठी विसाव्या पायरीपर्यंत चढावे लागे.

शहराचा खरा इतिहास कथेहून चटका लावणारा. क्रिप्टिक स्टुडिओजने खेळ घडवला, कोरियाच्या एनसीसॉफ्टने तो प्रकाशित केला. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस तो बंद होणार असे जाहीर झाले. सप्टेंबरात खेळाडू हातात मशाली घेऊन ॲटलासच्या पायथ्याशी जमले. तरीही ३० नोव्हेंबर २०१२ ला शहर मिटले. २०१९ मध्ये जुन्या खेळाडूंनी ते पुन्हा उभे केले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या ‘होमकमिंग’ या मंडळीला एनसीसॉफ्टने रीतसर परवानाही दिला. खेळ फुकट आहे, खर्च देणग्यांतून भागतो.

हे सगळे भाच्याने मला पुतळ्यापाशी उभे राहून सांगितले. २०१२ साली तो हॉस्टेलवर होता, मशाल घेऊन याच पायऱ्यांवर उभा होता. “शहर बंद व्हायच्या आदल्या दिवशी आईला फोन केला होता,” तो म्हणाला. “वाटलं, हसेल. ती म्हणाली, माणसं आहेत ना तिथं तुझी? मग शेवटपर्यंत थांब त्यांच्याबरोबर.”

ताईचे नाव त्याने दीड वर्षात माझ्यापाशी पहिल्यांदा काढले. समोरासमोर बसून त्याला ते जमले नसते. मलाही नसते जमले. मुखवट्याआडून तो बोलत राहिला, मी ऐकत राहिले. शेवटच्या दिवसांतली तिची दुखणी, तिने त्याला सांगितलेले, मला न सांगितलेले. मध्येच कुणी अनोळखी वीर येऊन आमच्या पथकात जागा आहे का विचारून गेला.

मुलांच्या खेळांबद्दल आपण घराघरांत तक्रार करतो आणि ती खोटी असते असे मी म्हणणार नाही. रात्र रात्र जाते, डोळे जातात. पण एकदा त्यांच्या गावात पाहुणे म्हणून जरूर जाऊन यावे. वाट ती दाखवतात. आपण फक्त मागून चालायचे.

कुंदा सध्या अकराव्या पायरीवर आहे. दर शनिवारी रात्री नऊ वाजता आम्ही निघतो.