फीड

परवा ऑफिसात एक गंमत झाली. टीममधल्या नव्या मुलाने कोडमध्ये कॉमेंट टाकली होती, "इथे कुत्र्याला खायला घालायचं राहिलं, म्हणून बोर्ड रीस्टार्ट होतोय." (मूळ इंग्रजीत होती, मराठीकरण माझं.)

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: छोट्या यंत्रांमध्ये 'वॉचडॉग' नावाचा एक टायमर असतो. प्रोग्रामने त्याला ठरावीक वेळात 'मी जिवंत आहे' असं कळवत राहायचं. कळवलं नाही तर प्रोग्राम कुठेतरी अडकलाय असं समजून तो सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. या कळवण्याला म्हणतात 'फीडिंग द डॉग'. आणि याच कामाला काही जण 'किकिंग द डॉग'सुद्धा म्हणतात! खायला घाला नाहीतर लाथ घाला, टायमरला दोन्ही सारखंच.

तेव्हापासून हा 'फीड' डोक्यातून जात नाहीये. इंग्रजीत बाळाला फीड करतात, गुरांना करतात, प्रिंटरला कागद, कॉम्प्युटरला डेटा, आणि मोबाईलवर आपण अंगठ्याने सरकवत बसतो तोही फीडच. एका शब्दात सगळ्यांची जेवणं.

मराठीत असं चालत नाही. तान्ह्या बाळाला पाजतात, जरा मोठ्याला भरवतात, गुरांना चारतात, पंगतीला वाढतात. प्रिंटरला कागद 'भरव' म्हणून बघा, शेजारचा हसेल. तिथे नुसतं 'घाल'. (अपवाद आमच्या आजीचा. ती जात्याच्या तोंडात मूठ मूठ दाणे टाकायची त्याला 'वैरण घालणे' म्हणायची. म्हणजे जातं आणि बैल एकाच हिशोबात!)

विचार केला तर यात थोडं व्याकरणही आहे. इंग्रजी 'फीड' आलाय 'फूड'वरून, जसा 'ब्लड'वरून 'ब्लीड'. शब्दाच्या पोटात अन्न आहे. आपलं पाजणं आलंय पिण्यावरून, चारणं चरण्यावरून. शब्दाच्या पोटात पिणारा आहे, चरणारा आहे. म्हणून 'फीड' यंत्रालाही चालतो, अन्नासारखं काहीतरी आत गेलं की काम झालं. 'पाजलं' म्हणायचं तर कोणीतरी प्यायला पाहिजे. आपण भांडतानाही हे विसरत नाही. धूळ चारतो, पाणी पाजतो, टेबलाखालून पैसे चारतो, पण समोर खाणारा असतोच.

आता लोट्याची गोष्ट. आमचं घर लोट्याला. मुंबई-गोवा हायवेवर खेड आणि चिपळूणच्या मधे, लोटे-परशुराम एमआयडीसी. सगळ्या केमिकलच्या कंपन्या. बाबा त्यातल्याच एकीत सांडपाणी प्रक्रिया प्लांटवर ऑपरेटर होते. अशा प्लांटमध्ये एक मोठी टाकी असते, तिच्यात सतत हवा सोडतात आणि त्या पाण्यातले बॅक्टेरिया घाण खाऊन टाकतात. टाकीत येणाऱ्या सांडपाण्याला म्हणायचं 'फीड'.

बाबा शब्द इंग्रजीच वापरायचे, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ जेवण असाच होता. "आज त्यांनी नीट खाल्लं नाही," असं घरी येऊन सांगायचे. 'ते' म्हणजे बॅक्टेरिया! पाणी चॉकलेटी रंगाचं आणि वास ओल्या मातीचा आला की स्वारी खूश. शटडाऊनमध्ये सांडपाणी येत नाही, मग बॅक्टेरिया उपाशी राहतात आणि हळूहळू स्वतःलाच खायला लागतात. म्हणून बाबा रविवारीसुद्धा आमचं जेवण अर्धवट टाकून जायचे आणि टाकीत गूळ, युरिया, डीएपी घालून यायचे. त्याचं प्रमाणही पाठ: बीओडी 100, नायट्रोजन 5, फॉस्फरस 1. आई वैतागायची, "तुमची ती पोरं, आणि ही कोण?"

उपासापेक्षा वाईट म्हणजे शॉक लोड. एखाद्या रात्री भलतंच कडक पाणी एकदम आत आलं की टाकीवर फेसाचा डोंगर होतो आणि महिनोन्‌महिने पोसलेले बॅक्टेरिया काही तासांत मरतात. लोट्याचं प्रक्रिया केलेलं पाणी शेवटी दाभोळच्या खाडीत जातं. खाडीत मासे मेल्याच्या बातम्या मी लहानपणापासून वाचतोय. ती बातमी आली की आमची कंपनी असो वा नसो, बाबा त्या दिवशी मासे खायचे नाहीत. व्हॉल्व्हवर हात ठेवून उभं राहायचं आणि फीड हळू सोडायचं, एवढंच आपल्या हातात, असं म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात बाबांना स्ट्रोक झाला. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी. नर्सने शिकवलं: डोकं उंच ठेवा, दर तीन तासांनी 200 मिली, नंतर थोडं पाणी सोडा. "फीड दिलं का?" हा वॉर्डातला परवलीचा प्रश्न. ('नर्स' या शब्दाचं मूळही लॅटिनमधल्या 'पोसणे'तच आहे, हे मला नंतर कळलं.)

मी काय केलं असेल? मोबाईलवर आठ अलार्म लावले, एक्सेलमध्ये तक्ता केला. वेळ, मिली, सही. अलार्म वाजला की उठायचं, सिरिंज लावायची, तक्त्यात टिक. एकही फीड चुकलं नाही याचा अभिमान वाटत होता मला.

आईची पाळी असली की वेगळंच. ती सिरिंज धरून बाबांशी बोलत बसायची. "आज मुगाचं पाणी आहे हां. जिरं घातलंय थोडं." नाकातल्या नळीला जिऱ्याची चव कुठली कळायला! मी तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "नळीला नाही रे सांगत."

तेव्हा मी गप्प बसलो. पण परवा ती कॉमेंट वाचली आणि लख्ख कळलं. तीन आठवडे मी वॉचडॉगला फीड देत होतो. वेळेत दिलं, रीस्टार्ट झाला नाही, संपलं.

नळी निघाली त्या दिवशी आईने मऊ खिमट केलं आणि चमच्याने भरवायला बसली. बाबांनी आ केला. एक घास गेला, दुसरा गेला. आनंदाच्या भरात तिने घाईने तिसरा पुढे केला, तसा बाबांनी चांगला हात वर केला आणि हवेतच मनगट थोडं उजवीकडे फिरवलं. आईला कळलं नाही. मला कळलं, लहानपणी प्लांटवर पाहिलं होतं. व्हॉल्व्ह कमी कर.

"आई, हळू," मी म्हटलं. "शॉक लोड होतोय त्यांना."

बाबा वाकडं का होईना, पण हसले.

असो. आज रविवार, लोट्यालाच आहे. जेवायची वेळ झाली. दुपारची पाळी माझी आहे, आणि तक्ता मी डिलीट केलाय.