बरोबरी घेऊ का?

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी बुद्धिबळाचा पट आला. पट म्हणजे जुन्या धोतराच्या तुकड्यावर निळीने आखलेली चौसष्ट घरे, आणि मोहरी म्हणजे सुताराकडून मागून आणलेले लाकडाचे तुकडे. केळवलीजवळच्या आमच्या वाडीत भातलावणी उरकली की देवळाच्या पारावर हा पट पसरला जाई. आजोबा देशी पद्धतीने खेळत. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. राजाला शह बसलेला नसेल, तर त्याला एकदाच घोड्याची उडी मारता येते. समोरच्याचा एकटा राजाच उरला, तर ‘बुर्जी’ होऊन डाव बरोबरीत सुटतो. हे सारे मी आजोबांच्या शेजारी बसून शिकले.

कॉलेजात आल्यावर एका मैत्रिणीने मला खोपोलीच्या बुद्धिबळ मंडळात नेले. दर रविवारी एका शाळेच्या वर्गात दहा-पंधरा जण जमत. पहिल्याच दिवशी समोरच्या मुलाने प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि मी जोरात म्हणाले, “असं चालत नाही!” सगळा वर्ग हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. शिकवणारे काका मात्र हसले नाहीत. “हिचा नियम जुना आहे, चुकीचा नाही,” ते म्हणाले. त्या एका वाक्यामुळे मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

काकांची शिकवण्याची रीत उलटी होती. ते डावाच्या शेवटापासून सुरुवात करीत. एका बाजूला राजा व एक प्यादे, दुसऱ्या बाजूला नुसता राजा. दोन राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे राहिले, की ज्याची चाल असते त्याला बाजूला व्हावे लागते. एवढ्या एका गोष्टीवर आम्ही तीन रविवार घालवले. पहिला तास भिंतीवरच्या मोठ्या पटावर, दुसरा तास घड्याळ लावून डाव. प्रत्येक चाल कागदावर लिहायची आणि हरलेला डाव घरी पुन्हा मांडायचा. अधूनमधून काका गोष्टी सांगत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, त्याची. आणि मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींची. त्यांतल्या रोहिणीताई 1981 साली आशियाई विजेत्या झाल्या. “मोठी माणसंसुद्धा अशाच खोल्यांतून वर येतात,” असे ते म्हणत.

गेल्या हिवाळ्यात तालुक्यातल्या मंडळांची संघस्पर्धा कर्जतला झाली. एका संघात चार खेळाडू, चार पट. चौघांच्या गुणांची बेरीज होते आणि तिच्यावरून सामना कोणाचा ते ठरते. 2024 च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या खुल्या आणि महिला अशा दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळवले, तेही असेच चार पटांवर. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख त्या संघांत होते. मी आमच्या संघाच्या चौथ्या पटावर होते.

शेवटच्या फेरीत आमचे तीन डाव संपले तेव्हा गुण दीड-दीड होते. सामना बरोबरीत सुटला तरी चषक आमचा होता. माझ्याजवळ एक प्यादे जास्त होते. दोघांकडे एकेक हत्ती. समोरच्या गृहस्थांनी हात पुढे केला आणि विचारले, “बरोबरी?”

संघस्पर्धेत अशा वेळी खेळाडूला ‘बरोबरी घेऊ का?’ एवढेच कर्णधाराला विचारता येते. काका पाच पावलांवर उभे होते. मी विचारले नाही. मान हलवून “नाही” म्हणाले.

पुढच्या सहा चालींत सगळे संपले. माझा राजा आणि हत्ती एकाच उभ्या ओळीत आले. शह बसला. राजा बाजूला करावा लागला आणि मागचा हत्ती गेला.

परतीच्या खोपोली गाडीत कोणी बोलले नाही. तिसऱ्या पटावर खेळणारा आठवीतला पोरगा त्या दिवशी पहिल्यांदाच जिंकला होता. तो खिडकीबाहेर पाहत होता. त्याच्याकडे बघायचा मला धीर होईना. पळसदरी गेले, केळवली आले, मी उतरले.

घरी बाबांना सगळे सांगितले. ते अंगठेबहाद्दर, पण पट त्यांना कळतो. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “तो मास्तर तिथंच उभा व्हता ना? मग इचारलं का न्हाईस?”

याचे उत्तर मला रात्रभर सापडले नाही. सापडले तेव्हा वाईट वाटले. मला विचारायची सवयच नाही! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद, कोणते विषय घ्यायचे, सारे मी एकटीने ठरवले, कारण घरात विचारावे असे कोणी नव्हते. पुढे पुढे त्याचाच मला अभिमान वाटू लागला. कोणाला विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, पहिल्या दिवसासारखे सगळे हसतील, ही भीती त्या अभिमानाखाली दडली होती. त्या भीतीपायी मी चौघांचा चषक घालवला.

पुढच्या रविवारी मी तो शेवट काकांपुढे मांडला. ते रागावले नाहीत. “घेतली असतीस तर बरं,” एवढेच म्हणाले आणि हत्ती कुठे ठेवायला हवा होता ते दाखवले. मग मी त्या आठवीतल्या पोराची माफी मागितली. तो म्हणाला, “ताई, पुढच्या वर्षी विचार हं!”

पुढच्या वर्षापर्यंत कशाला थांबायचे? महिनाभर एका निबंधाच्या विषयापाशी मी अडून बसले होते. सोमवारी तास संपल्यावर मराठीच्या बाईंच्या मागोमाग गेले. प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी पाय अडखळले. मग धीर करून म्हणाले, “बाई, एक विचारू का?”