हाताच्या अंतरावरची दिल्ली

एका दिवसात दिल्ली उरकायची, ही मराठी कुटुंबांची जुनी रीत. सिमल्याला नाहीतर वैष्णोदेवीला जाता जाता मध्ये एक दिवस काढायचा आणि सूर्य मावळायच्या आत कुतुबुद्दीन ऐबकापासून महात्मा गांधींपर्यंत सगळ्यांना भेटून यायचं. नाशिकच्या एका मुलीने ही रीत पहिल्यांदा पाळली ती १९७३च्या नाताळच्या सुट्टीत. नाशिकरोडहून पंजाब मेल, करोलबागेत मामाचं घर, आणि धुक्यात दिवे लावून निघालेली सहलीची बस. त्या दिवसातलं डोळ्यांनी पाहिलेलं तिच्या मनात आता सरमिसळ झालंय. हातांनी पाहिलेलं मात्र जसंच्या तसं आहे.

कुतुबमिनाराच्या जिन्यातली भिंत, उदाहरणार्थ. थंडगार, आणि असंख्य तळव्यांनी गुळगुळीत झालेली. वरून कुणी उतरत आलं की भिंतीला पाठ चिकटवून श्वास रोखायचा, मग पुढची पायरी. मिनार ७२.५ मीटर उंच, आत ३७९ पायऱ्या. पण ही मंडळी पहिल्या सज्ज्यावरूनच परतली. मामा जिन्यात 'तेरे घर के सामने'मधलं गाणं गुणगुणत होता. देव आनंद आणि नूतन गात गात हाच जिना उतरतात, असं तेव्हाच्या प्रत्येक प्रेक्षकाला वाटे. प्रत्यक्षात त्या अरुंद वळणांत कॅमेरा मावेना, म्हणून स्टुडिओत खोटा जिना उभारला होता. मामाला हे कुणी सांगितलं असतं तरी तो गायचा थांबला नसता.

खाली लोहस्तंभापाशी रांग. स्तंभाला पाठ टेकायची, हात मागे नेऊन त्याला कवळायचं. बोटं जुळली तर मनातली इच्छा पुरी होते म्हणे. वडिलांची जुळली. आईने पदर खोचून प्रयत्न केला आणि 'मला काही मागायचंच नाही' म्हणून बाजूला झाली. मुलीचे हात अर्ध्यावरच राहिले, पण लोखंडाचा गारवा स्वेटरमधून पाठीला लागला. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड, गुप्तकाळापासून उघड्यावर उभं असलेलं हे लोखंड गंजून का जात नाही, ते तिला पुढे पुस्तकांतून कळलं. जुन्या भट्टीतल्या लोखंडात फॉस्फरस भरपूर उरायचा आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरला, हे कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवलं. मिठी मारणाऱ्यांचा घाम त्या थराला मानवणारा नव्हता.

४ डिसेंबर १९८१ला मिनारातली वीज गेली. अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली, ४५ जण गेले, त्यांत बहुतेक सहलीला आलेली शाळकरी मुलं. तेव्हा ती कॉलेजात होती. वर्गातल्या इतरांसाठी ती वर्तमानपत्रातली एक बातमी होती. तिला मात्र त्या जिन्यात दोन माणसांना जागा किती उरते, हे पाठीने ठाऊक होतं. मिनाराचं दार तेव्हापासून पर्यटकांना बंद आहे.

तिची स्वतःची मुलं दिल्लीला गेली ती लोहस्तंभाला कठडा बसल्यानंतर. तो १९९७ साली बसला, तोही रास्त कारणाने. मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. ज्याला हात लावता येतो हेच माहीत नाही, त्याच्यासाठी कोण रडणार? धाकट्याला आवडली ती हिरवळीवर ठेवलेली दगडी छत्री. मेजर रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८२८मध्ये ती मिनाराच्या डोक्यावर चढवली, ती इतकी विजोड दिसली की १८४८मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने उतरवायला लावली. आख्ख्या मिनाराच्या शिखराचा एवढाच नमुना जमिनीवरून जवळून न्याहाळता येतो आणि तोही फसलेला, याची तिला गंमत वाटते.

हुमायूनच्या मकबऱ्यात हाताची जागा कारागिरांनी घेतली. आगाखान ट्रस्टने डागडुजी काढली तेव्हा छतावरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट खरवडून काढावं लागलं. आधीच्या दुरुस्त्यांनी ते थरावर थर चढवलेलं होतं. जपण्याच्या नावाखाली इमारतीच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवता येतं, हे तिथे कळतं. त्यापुढे पर्यटकांच्या तळव्यांचा घाम किरकोळच म्हणायचा.

फेब्रुवारी २०२५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं. त्याआधीचं दिल्लीतलं संमेलन १९५४चं, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. तालकटोऱ्याशी मराठ्यांचं नातं त्याहून जुनं: १७३७मध्ये पहिला बाजीराव दिल्लीवर चालून आला तेव्हा इथेच मुक्कामाला होता. आता साठी ओलांडलेली ती मैत्रिणींबरोबर संमेलनाला गेली आणि एका परिसंवादाला दांडी मारून मेट्रोने शहर पाहायला बाहेर पडली. (परिसंवाद कोणता, ते सांगत नाही, वक्ते अजून तिच्याशी बोलतात.)

इंडिया गेटसमोरची छत्री तिने लहानपणी रिकामी पाहिली होती. पाचव्या जॉर्जचा पुतळा १९६८ला हलवला, आणि पुढे अर्धशतकाहून जास्त काळ त्या दगडी छपराखाली कुणीच नव्हतं. २०२२पासून तिथे सुभाषबाबू उभे आहेत, २८ फूट उंच, काळ्या ग्रॅनाइटमध्ये. कमानीखालची अमर जवान ज्योत तिच्या पहिल्या फेरीच्या वेळी जेमतेम दोन वर्षांची होती. तीही २०२२मध्ये शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत मिसळली. राजपथाचा कर्तव्यपथ झाला. तिला खरं सांगायचं तर रिकामी छत्रीच अधिक बोलकी वाटायची, पण हे मत तिने मैत्रिणींपुरतं ठेवलं.

शेवटी लाल किल्ला. दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांपुढे दोर बांधलेले, आतली फुलांची नक्षी लांबूनच पाहायची. मयूरासन नादिरशहाने १७३९मध्ये नेलं, हे गाइडने सांगितलं, आणि पुढचं वाक्य ठसक्यात टाकलं, "और छत की चांदी मराठों ने उतारी." मराठी पर्यटक या वाक्याला एकमेकांकडे बघतात. काही खजील होतात, काहींना आतून गुदगुल्या होतात.

तिने मात्र हात वर केला आणि नाशिकच्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. साल १७६०. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, पण फौजेचा पगार थकलेला, उत्तरेतून पैसा यायच्या वाटा बंद, बाजारात धान्य महाग. ती चांदी वितळवून रुपये पाडले ते त्या फौजेच्या पोटासाठी. आणि ती फौज पुढच्या जानेवारीत पानिपतावर संपली.

"लुटा तो फिर भी लुटा ना, मैडम?" गाइड म्हणाला.

"लुटा," ती म्हणाली. "लेकिन पूरा बताइए."

त्या दोघांचा वाद दोराच्या अलीकडे बराच वेळ चालला, मैत्रिणी बाकावर बसून संत्री सोलत राहिल्या. थोड्या वेळाने दुसरा गट आला तेव्हा गाइडने चांदीबरोबर थकलेला पगारही सांगितला, पानिपतही सांगितलं. फक्त सदाशिवरावांच्या जागी त्याने बाजीराव घातला. ती पुन्हा उठली.