डेलावेअरच्या अलीकडे

प्रिय सखे,

फोन ठेवल्यापासून तुझं वाक्य कानात घुमतंय. "अगं, तू पिस्तूल घेऊन गावोगाव हिंडतेस?" हे तू इतक्या मोठ्यांदा विचारलंस की तुझ्या मागे भाकऱ्या थापणाऱ्या वहिनींचा हातही थांबला असणार. फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण माझ्या प्रत्येक वाक्याला तू "देवा रे" म्हणत होतीस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुझा जीव भांड्यात पाडते. मी गावोगाव हिंडत नाही. पश्चिमेला जाते तेव्हा पिस्तूल बरोबर असतं, पूर्वेला जाते तेव्हा ते घरी कुलपात असतं. डेलावेअर नदीच्या अलीकडे-पलीकडेमध्येच सगळी कथा आहे.

ते घेतलं का, हे तुला ठाऊक आहे. जानेवारी ते एप्रिल माझ्या कचेरीत लोकांचे कर भरायचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. एका हिवाळ्यात एक गाडी कचेरीपासून माझ्या मागे लागली आणि मी पोलीस ठाण्याच्या दारात गाडी उभी करीपर्यंत ती मागेच होती. ती रात्र पुन्हा लिहून काढायची नाही मला. तुझ्याशी पहाटेपर्यंत बोलले होते, तेवढं पुरे. पुढे मी शिकायला गेले, सराव केला आणि मग काउंटीच्या शेरीफच्या कचेरीत परवान्याचा अर्ज दिला. पेन्सिल्व्हेनियात तो वीस डॉलरला मिळतो आणि पाच वर्षं चालतो. तुझी पार्श्वभूमी तपासतात, पण नेम कसा आहे हे कुणी विचारत नाही. शिक्षण घेतलंच पाहिजे अशी इथे कायद्याची अट नाही. मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. का, ते पुढे सांगते.

तुझा दुसरा प्रश्न होता, "साडीत कुठे लपवतेस?" तो मी नवऱ्याला सांगितला तेव्हा तो चहा सांडेपर्यंत हसला. साडी असली की पिस्तूल घरी. पर्समध्ये तर मी ते ठेवतच नाही, कारण पर्स आपण खुर्चीला अडकवतो, कुणाच्या तरी हातात देतो, देवळात चपलांजवळ ठेवतो. ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये, घट्ट पट्ट्याला, वरून सैल कुर्ता. तू शेजारी बसलीस तरी तुला कळणार नाही, आणि कळू नये हाच तर "लपवून बाळगण्याचा" अर्थ.

घरातली गंमत ऐक. ताईचा धाकटा (गणपतीच्या माटवीची काकडी चोरताना आपण पकडलेला) सध्या आमच्याकडे राहतो. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. इथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर बंदूक किंवा एक गोळीसुद्धा बाळगता येत नाही. ग्रीन कार्डवाल्याला चालतं, नागरिकाला चालतं, याला नाही. म्हणून तिजोरीचा आकडा आम्हा दोघांनाच माहीत आहे. मी तिजोरी उघडायला लागले की तो हात वर करून दुसऱ्या खोलीत जातो आणि तिथून ओरडतो, "मावशी, मी काहीही पाहिलेलं नाही!" एवढा आज्ञाधारक तो आयुष्यात कधी नव्हता.

आणि सासूबाई! दसऱ्याला इथे होत्या. शस्त्रपूजन करायचंच म्हणाल्या. त्या पर्यटक व्हिसावर, म्हणजे त्यांनाही तोच नियम. शेवटी तिजोरीच्या बंद दारालाच हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले आणि पेढ्याचा नैवेद्य दाखवला. कुंकवाचं बोट अजून तिथे आहे. मी पुसलेलं नाही.

आता प्रवासाचं. लेक कोलंबसला शिकतेय हे तुला ठाऊकच आहे. पिट्सबर्गहून निघालं की तीन-सव्वातीन तासांत तिच्या दारात. एवढ्याशा वाटेत तीन राज्यं लागतात. पेन्सिल्व्हेनिया संपलं की वेस्ट व्हर्जिनियाची एक चिंचोळी पट्टी येते. व्हीलिंगचा बोगदा, त्यातून बाहेर पडताच ओहायो नदीवरचा पूल, आणि नदी ओलांडली की थोड्याच वेळात ओहायो राज्य. वेस्ट व्हर्जिनियात २०१६पासून आणि ओहायोत २०२२पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल लपवून बाळगता येतं. आज अर्ध्याहून अधिक राज्यांत असंच आहे. त्यामुळे त्या रस्त्यावर मला मोकळं वाटतं.

पण मोकळ्या रस्त्यालाही गाठी आहेत गं. शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेऊ नये असा केंद्राचा कायदा आहे. परवानाधारकाला त्यातून सूट आहे, पण परवाना त्याच राज्याने दिलेला हवा. म्हणजे माझा पेन्सिल्व्हेनियाचा कागद ओहायो मानतं, पण ओहायोतल्या शाळेजवळून जाताना केंद्राच्या त्या कायद्यापुढे तो उपयोगाचा नाही. शहरात शाळा नाही असा रस्ता सापडणार कुठे? मग मी हमरस्ता सोडायच्या आधी थांबते, गोळ्या काढते आणि पिस्तूल कुलपाच्या पेटीत घालून डिकीत ठेवते. तसं ठेवलं की तो नियम लागत नाही. लेकीच्या विद्यापीठाच्या आवारात तर ते गाडीबाहेर काढायचंच नसतं. लेक म्हणते, "आई, तू मला भेटायला येतेस की परीक्षेला?" तिला म्हटलं, दोन्ही.

पोलिसाने थांबवलं तर काय, याचेही राज्यागणिक वेगळे नियम. मिशिगनमध्ये त्याने विचारायच्या आत आपणहून सांगावं लागतं की माझ्याकडे पिस्तूल आहे. ओहायोत आता विचारलं तर सांगायचं. मी कुठेही असले तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते आणि आधी सांगते.

हे "आधी सांगणं" मला ज्या बाईमुळे दर वेळी आठवतं, तिच्याबद्दल तुला सांगते. फिलाडेल्फियाची एक तरुण आई, दोन लहान मुलं. तिने नुकताच आमच्यासारखाच पेन्सिल्व्हेनियाचा परवाना काढलेला. ऑक्टोबर २०१३मध्ये ती डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेली. अटलांटिक सिटीच्या रस्त्यावर लेन बदलण्यात काही चुकलं म्हणून पोलिसाने थांबवलं. तिने स्वतःहून सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा परवाना. न्यू जर्सी बाहेरचा कोणताच परवाना मानत नाही. तिला अटक झाली, महिन्याहून अधिक काळ ती तुरुंगात होती, आणि साडेतीन वर्षांची सक्तीची कैद समोर उभी राहिली. पुढे ओरड झाली, खटल्याऐवजी सुधारणेची सवलत मिळाली आणि एप्रिल २०१५मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. ती खोटं बोलली असती तर कदाचित घरी गेली असती. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ताटावरून उठले होते.

माझी नणंद न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. तिच्याकडे मंगळागौर, बारसं, डोहाळजेवण, काहीतरी सतत असतंच. २०२२च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन नेमकं अटलांटिक सिटीत भरलं होतं. ढोलताशे, नऊवार्‍या, पुरणपोळीच्या रांगा, आणि आमच्या राज्यातून गाड्या भरभरून त्याच नदीपलीकडे गेलेली मराठी माणसं. त्यांत परवाना असलेले थोडेफार असतीलच, आणि पूल ओलांडताना गाडीतलं काय काय मागे ठेवायचं हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. पुढच्या टोकाला खळगा असलेली जी गोळी आमच्याकडे स्वसंरक्षणासाठी सर्रास विकली जाते, ती तिकडे बहुतेक प्रसंगी घराबाहेर बाळगणं हाच वेगळा गुन्हा. म्हणून एडिसनला निघताना पिस्तूल तिजोरीत, गोळ्या तिजोरीत, आणि जुन्या बॅगांचे कप्पे मी एकदा उलटे करून झटकते. नवरा म्हणतो, एवढं कशाला? मी उत्तर देत नाही, झटकत राहते.

तू विचारशील, मग वाटेतलं राज्य नको म्हणत असेल तर पलीकडच्या राज्यात जायचं कसं? त्यासाठी १९८६चा केंद्रीय कायदा आहे. निघण्याच्या ठिकाणी आणि पोचण्याच्या ठिकाणी तुला बाळगायची मुभा हवी. मधल्या प्रवासात पिस्तूल रिकामं, आणि ते व गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागणार नाहीत अशा जागी. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलपाची पेटी, आणि पुढचा कप्पा त्यात धरत नाहीत. व्हरमाँटमध्ये परवाना कधीच लागलेला नाही. तिथे जायचं तर न्यू यॉर्कमधून असंच बंद करून न्यायचं. पण हा कायदा नुसता ओलांडून जाणाऱ्याचा. एडिसन हेच मुक्कामाचं ठिकाण असेल तर त्याचा मला काही आधार नाही.

आणि ओलांडून जातानाही थांबलीस की फसलीस. यूटाचा एक प्रवासी २००५मध्ये विमानाने पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे, कुलपात, विमानात चढवलेल्या सामानात. नेवार्कला पुढचं विमान हुकलं, बॅग त्याच्या हाती आली, आणि तो रात्रीपुरता हॉटेलात गेला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने पुन्हा प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्याला बेड्या पडल्या. खटला मागे घेतला गेला, पण त्याच्या दाव्यावर २०१०मध्ये अपील न्यायालय म्हणालं की हॉटेलातल्या त्या रात्री पिस्तूल त्याच्या हाताशी होतं, म्हणून केंद्राचं संरक्षण संपलं. बॅग घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांकडे जायला हवं होतं, असंही सुचवलं. डॅलसला मी पिस्तूल घेऊन गेले तेव्हा म्हणूनच थेट विमान घेतलं. काउंटरवर आधी सांगायचं, रिकामं असल्याच्या कागदावर सही करायची, टणक पेटी, कुलूप, आणि पेटी विमानाच्या पोटातल्या सामानात. काउंटरवरच्या बाई इतक्या शांतपणे "बरं" म्हणाल्या, जणू मी लोणच्याची बरणी नेत होते. तुला नवल वाटेल, हातातल्या बॅगेत पिस्तूल घेऊन सरळ तपासणीच्या रांगेत जाणारे लोकही आहेत. २०२४मध्ये देशभरात तपासणीत साडेसहा हजारांहून अधिक पिस्तुलं सापडली, आणि त्यांतली बहुतेक भरलेली. या लोकांचा मला मनापासून राग येतो. आमच्यासारख्यांवरचा विश्वास तेच घालवतात.

माझं मत विचारलंस ना? इथे पुष्कळांना वाटतं की गाडीच्या लायसन्ससारखा एका राज्याचा परवाना सगळीकडे चालावा. तसं विधेयक डिसेंबर २०१७मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूरही झालं, पण सिनेटमध्ये अडलं. मला ते पटत नाही, हे माझ्या नेमबाजीच्या मंडळींना आवडत नाही. ज्या राज्याने मला बंदूक धरता येते का एवढंही विचारलं नाही, त्याचा कागद एडिसनच्या लोकांनी का मानावा? त्यांचे रस्ते, त्यांची मुलं. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "तुम्हाला खास गरज काय" म्हणून परवाना अडवता येणार नाही. तेव्हापासून न्यू जर्सीतही परवाने पुष्कळ सोपे झाले, पण तिकडचा अर्ज वेगळा आणि शिकून येण्याची अट आहे. ती अट मला योग्य वाटते. मात्र परवाना हातात धरून खरं बोलणाऱ्या माणसाची पहिली शिक्षा तुरुंग असू नये. पिस्तूल जप्त करा, दंड करा, पुलावरून परत पाठवा. मुलांची आई महिनाभर कोठडीत ठेवून कुठला रस्ता सुरक्षित झाला? हे मी आमच्या राज्याच्या आमदारांनाही लिहिलंय आणि पुन्हा लिहिणार आहे.

तुझ्या काकांची ठासणीची बंदूक आठवते का? रानडुकरं भातात शिरायची म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. निवडणूक आली की काका ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकाल लागला की आणायचे. आपण दोघी मागून "काका हरले, काका हरले" ओरडत जायचो. त्यांना त्यात कधी अपमान वाटला नाही. पावती मात्र ते देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवायचे. परवाना कुठवर चालतो आणि कुठे संपतो, हे त्या माणसाला नेमकं माहीत होतं. माझ्या गाडीतली राज्यवार नोंदींची वही पाहिलीस तर म्हणशील, पुतणीपेक्षा हीच काकांवर गेली.

बरं, व्हिसाचं काय झालं? तू आलीस की नायगारा पाहायचा, ते ठरलेलंच आहे. वाटेत ईरीला जेवू आणि मग न्यू यॉर्क राज्यात शिरू. न्यू यॉर्क आमचा परवाना मानत नाही, आणि पलीकडे कॅनडा आहे, तेव्हा पिस्तूल घरीच राहणार. तू गाडीत निर्धास्त झोप, घोरलीस तरी चालेल. मुलाखतीची तारीख कळली की लगेच फोन कर, रात्र असली तरी. वहिनींना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांनाही वाचून दाखव, नाहीतर त्या गावभर काय सांगतील कोण जाणे.

तुझीच