पंधरा हजारांत एक नळी

एअर रायफलला परवाना लागत नाही, हे कळलं तेव्हा मला वाटलं निम्मं काम झालं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्ऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आत असेल, तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. दुकानदार आधार कार्डाची प्रत घेतो, पत्त्याचा पुरावा घेतो, सही घेतो, की झालं. उरलेलं निम्मं काम म्हणजे कुठली घ्यायची ते ठरवणं. ते वर्षभर पुरेल, अशी मला कल्पना नव्हती.

पतसंस्थेत हिशेब लिहिणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला बंदूक कशाला, असं सासूबाईंनी विचारलंच. आमच्या कोल्हापुरात याचं उत्तर द्यायला फार अवघड जात नाही. नेमबाज तेजस्विनी सावंत इथल्या, राही सरनोबत इथली. ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळवलं, तेव्हा तर पानटपरीवरही ‘थ्री पोझिशन’ची चर्चा होती. तो प्रकार ५० मीटरचा, .२२ च्या रायफलचा. तिला परवाना लागतो. माझ्यासारख्यांची सुरुवात होते १० मीटरवर, हवेच्या बंदुकीनं. हाताशी होते पंधरा हजार रुपये, त्यातच सगळं बसवायचं होतं.

दुकानात काचेच्या कपाटात उभ्या बंदुका. मला सगळ्या सारख्याच दिसल्या. जोतिबाच्या यात्रेत फुगे फोडायला देतात ती, आणि ही, एवढाच काय तो फरक मला ठाऊक.

“काय मारायचंय ताई?” दुकानदार काकांनी विचारलं.

“कागद.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कागदच मारायचा तर ही कशाला बघतायसा? ही हजार फुटाची हाय.”

हजार फूट म्हणजे छर्रा तितका लांब जातो, असं मी धरून चालले. तो वेग निघाला. सेकंदाला हजार फूट. माहितीपत्रकात सर्वांत मोठ्या अक्षरात हाच आकडा. ट्रिगर कसा आहे, साइट कुठली आहे, ओढायला किती जोर लागतो, हे बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच.

घरी आल्यावर अकरावी सायन्सच्या लेकीला कामाला लावलं. सेकंदाला हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. शिशाचा साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. गतिज ऊर्जेचं सूत्र लावून तिनं २३ ज्यूल काढले आणि म्हणाली, “आई, ही तर परवान्याची झाली की!” तसं नव्हतं. हे मोठे आकडे बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर मोजलेले असतात. शिशाचा छर्रा घातला की वेग उतरतो आणि बंदूक कायद्याच्या रेषेच्या अलीकडे राहते. मग लेकीनं उत्साहानं स्पर्धेच्या रायफलचंही गणित केलं. ऑलिंपिकच्या १० मीटरच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटरनं सुटतो. म्हणजे साडेसात ज्यूलच्या आसपास. लाखांत किंमत असलेल्या आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर लागणाऱ्या बंदुकीत त्या हजार फुटीच्या निम्मासुद्धा जोर नाही! हे कळल्यावर मी माहितीपत्रकातला तो मोठा आकडा बॉलपेननं खोडून टाकला.

गोंधळ मात्र तिथून खरा वाढला, कारण वेग बाजूला काढल्यावर कशावरून निवडायचं?

प्रकार तीन समजले. पीसीपीत हवा आधीच दाबून भरलेली असते, २०० बारच्या घरात. गोळी सुटताना धक्का जवळपास नाही. पण तिला पंप हवा किंवा सिलिंडर, आणि ते बजेट माझं नव्हे. दुसरी सीओटूच्या छोट्या नळकांड्यांवर चालणारी. दरवेळी विकतचा वायू आणायचा आणि गारठ्यात दाब उतरला की वेगही उतरणार. मी ती लगेच सोडली. राहिली स्प्रिंगची. नळी मोडायची, म्हणजे खाली वाकवायची, की आतली स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर ओढला की पिस्टन पुढं धावतो, हवा दाबतो आणि छर्रा ढकलतो. स्वस्त, आटोपशीर, बाहेरून काही भरायला नको.

शेजारच्या आप्पांनी यात चौथा पर्याय आणून ठेवला: त्यांच्या माळ्यावरची जुनी आयएचपी. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली काढलेली सिमेंटच्या पाइपांची कंपनी. तिनं एके काळी एअर रायफलीही बनवल्या. आज देशी बंदुकांत ज्या प्रेसिहोलचं नाव सगळे घेतात, तीही खोल भोकं पाडणारी यंत्रं बनवणाऱ्यांच्या घरातली. आपल्याकडे नळीचं काम करणाराच शेवटी बंदुकीकडे वळतो, असं दिसतं. आप्पांची बंदूक देखणी होती, दस्ता तर काय सुंदर लाकडाचा. पण आतला चामड्याचा वॉशर वाळून खडखडीत झालेला. तेल पाजून तो जिवंत होतो म्हणे. मला बंदूक शिकायची होती, दुरुस्ती नव्हे, म्हणून हात जोडले.

माझा निकाल लागला तो दुधाळीच्या शूटिंग रेंजवर सराव करणाऱ्या एका मुलीमुळे. माझ्या मैत्रिणीची पुतणी, कॉलेजात आहे. तिनं दोनच प्रश्न विचारले. “काकू, सामना साठ शॉटचा असतो. साठ वेळा नळी मोडता येईल?” आणि “चष्म्याचा नंबर काय?”

पहिल्यासाठी ती मला परत दुकानात घेऊन गेली आणि काकांच्या परवानगीनं एकेक बंदूक ओढायला लावली. जोरकस स्प्रिंगच्या बंदुकीला पंधरा-वीस किलोचा दाब द्यावा लागतो. हजार फुटीची नळी मी दोन्ही हातांनी, गुडघ्यावर टेकवून, दात-ओठ खाऊन मोडली. तिनं बजावलं, नळी मोडलेली असताना एक हात तिच्यावर पक्का हवा, बोट ट्रिगरपासून लांब. ती निसटून मिटली तर बोटं जातील. आणि छर्रा न घालता रिकामी चालवायचीच नाही, पिस्टन आपटून आतून बिघडतो. कमी जोराची, जरा हलकी अशी एक मात्र सहज वाकली. काका म्हणाले, “ही पोरांची हाय.” पुतणी म्हणाली, “मग बरोबर आहे, काकू आत्ताच शिकायला लागल्यात.”

दुसरा प्रश्न नाजूक. चाळिशीच्या डोळ्याला जवळचं धूसर आणि लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायचा चष्मा लावला की उलट. बंदुकीवर तर तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या: मागची साइट नाकाजवळ, पुढची हातभर लांब, आणि टार्गेट १० मीटरवर. तिन्ही एकदम स्पष्ट कुणालाच दिसत नाहीत, तरुणांनाही नाही, हे ऐकून मला हायसं वाटलं. पुतणीचं म्हणणं, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. पुढची साइट ठसठशीत दिसली पाहिजे. हे पटायला मला फार वेळ लागला. ज्याच्यावर नेम धरायचा तेच अंधुक ठेवायचं? पण पुढची साइट किंचित हलली तर १० मीटरवर किती फरक पडतो, ते तिनं कागदावर काढून दाखवलं, तेव्हा वाद मिटला.

दुकानदार काकांनी यावर स्कोप काढून दिला. स्वस्तातला, चमकदार. पुतणीनं डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो, पिस्टन निघताना मागं आणि थांबताना पुढं. साध्या स्कोपच्या आतल्या तारा त्यानं हलतात किंवा तुटतात. शिवाय असे बरेच स्कोप शंभर यार्डांच्या हिशेबानं जुळवलेले असतात, १० मीटरवर चित्र पिठूळ. त्यापेक्षा पीप साइट. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही पुष्कळ स्वच्छ दिसतं. सुईत दोरा ओवताना आपण डोळे बारीक करतो तसंच काहीसं. म्हणून माझ्या यादीत एकच अट वाढली: बंदुकीच्या पाठीवर ११ मिलिमीटरची खाच हवी, नंतर पीप साइट बसवायला.

ती पोरांची बंदूक घेतली. देशी, नळी मोडायची, मागची साइट फिरवता येणारी, खाच असलेली. दहा हजारांच्या आत आली. उरलेल्यातून चपट्या तोंडाचे छर्रे, कारण ते कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात आणि मोजायला वाद राहत नाही. टार्गेटचा गठ्ठा. गॉगल दोन, एक लेकीला. कुंभार गल्लीतून शाडूची माती आणली. प्लायवुडच्या पेटीत मागं जाड पत्रा, पुढं मातीचा थर, म्हणजे छर्रा उलटून येत नाही. पेटी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकून ठेवलेली. जिन्याच्या दाराला आतून कडी. छर्रे शिशाचे, त्यामुळे सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही. सासूबाईंना हा शेवटचा नियम फार आवडला आहे.

आप्पा मात्र परवा आंब्यावरच्या वानराकडे बोट दाखवून म्हणाले, “त्याला एक दे की ठेवून.” त्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा सांगितला. कायदा नसता तरी दिली नसती, हे सांगितलं नाही.

नवीन बंदुकीनं सुरुवातीला धूर सोडला आणि फटाक्यासारखा आवाज काढला. आतलं जादा तेल दाबाच्या उष्णतेनं पेटतं, आणि काही डबे छर्रे गेले की थांबतं. आता थांबलंय. छर्रे आठच्या रिंगच्या डाव्या-वरच्या बाजूला एकमेकांजवळ पडतात. मागची साइट उजवीकडे आणि खाली घ्यायची, एवढं मला आता कुणी न सांगता कळतं. पीप साइट दिवाळीच्या बोनसवर.